बेबी मोठी होते तेव्हा

महाड-पोलादपूरकडच्या शाळांत गॅदरिंगचा हंगाम नाताळच्या आगेमागे येतो. भाषणं ठरलेली असतात, चवदार तळ्याचं नाहीतर पाचाडच्या जिजाऊंचं. त्यात दुसरी-तिसरीतली एखादी चिमुरडी डोक्यावर पदर घेऊन उभी राहते आणि पाठ केलेलं नव्हे, आत्ताच सुचल्यासारखं बोलते. मग मंडपातून कुणीतरी हमखास म्हणतं, ‘हिला सिनेमात घाला हो!’ पूर्वी ते नुसतं कौतुक असायचं. आता त्याच रात्री मोबाइलवरची चित्रफीत परळ-लालबागच्या मामाकडे पोचते, मामाकडून कुण्या कास्टिंगवाल्याकडे जाते, आणि आठवडाभरात घरात खरोखरच विषय निघतो की घालायची का.

प्रश्न जुना आहे. ‘जाऊ मी सिनेमात?’ या नावाचं पुस्तक शांता आपटे यांनी १९४० सालीच लिहिलं होतं. प्रभात कंपनीच्या फाटकाशी उपोषणाला बसून मालकांना घाम फोडणारी ही बाई. तिला हा प्रश्न स्वतःला विचारता आला. आठ वर्षांच्या पोरीला तो विचारता येत नाही, तिच्या वतीने दुसरेच उत्तर देतात. म्हणून मराठी घरांतल्या ज्या मुलींना लहानपणी कॅमेऱ्यापुढे उभं केलं गेलं, त्यांचं पुढे काय झालं हे पाहणं उपयोगाचं ठरेल. शंभराहून अधिक वर्षांचा हिशेब हाताशी आहे. यादी करायची झाली तर लांबेल, पण इथे यादी करायची नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. चेहरा, आवाज, पाठांतर यांचा वाटा लोक समजतात त्याहून कमी असतो. बालनटीची पुढची वाट दोनच गोष्टी ठरवतात: घराची चूल तिच्या कमाईवर पेटते का, आणि तेराव्या ते अठराव्या वर्षापर्यंत तिच्याबद्दलचे निर्णय कोण घेतं.

सुरुवातीच्याच दोन मुली पाहा. दादासाहेब फाळक्यांना ‘राजा हरिश्चंद्र’साठी बाई मिळाली नाही. तारामती झाले ते साळुंके, एका उपाहारगृहात काम करणारा पुरुष. पण लगेच त्याच वर्षी, १९१३ साली, ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची तेराएक वर्षांची मुलगी कमला मोहिनी झाली. दुर्गाबाई नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या होत्या. बाईने रंगभूमीवर उभं राहणं म्हणजे अब्रू गेली असं मानणाऱ्या काळात त्यांनी लेकीला घेऊन नाटक कंपनीचा रस्ता धरला, कारण दुसरा नव्हता. कमला चार-पाच वर्षांची असल्यापासून रंगमंचावर होती. पुढे ती रघुनाथराव गोखल्यांशी लग्न करून कमलाबाई गोखले झाली, ऐन तारुण्यात विधवा झाली, आणि तीन मुलांना तिने नाटकांत कामं करत वाढवलं. त्यांतले एक चंद्रकांत गोखले, तेही लहानपणापासून नट, आणि त्यांचे चिरंजीव विक्रम गोखले. अभिनयाचं घराणं म्हणून आपण याकडे कौतुकाने बघतो. कमलाबाईंनी काम कधी थांबवलं नाही, कारण थांबवून चालणार नव्हतं, हे त्या कौतुकात विसरलं जातं.

दुसरी मुलगी फाळक्यांचीच, मंदाकिनी. १९१९ सालच्या ‘कालिया मर्दन’मध्ये ती बाळकृष्ण झाली, तेव्हा सातेक वर्षांची होती. या मूकपटाचा बराचसा भाग आजही पाहायला मिळतो. गोष्ट सुरू होण्याआधी पडद्यावर फक्त तिचा चेहरा येतो. ती हसते, घाबरते, रुसते, रागावते. एकेक भाव येतो आणि जातो, आणि मग तोच चेहरा मुकुट-मोरपिसाच्या कृष्णात विरघळतो. आपली मुलगी काय करू शकते हे बापाने प्रेक्षकांना आधीच दाखवून ठेवलं आहे. मला विचाराल तर हिंदी-मराठी सिनेमातली ही पहिली ऑडिशन, आणि ती चक्क चित्रपटाच्या आतच आहे. एवढी गुणी मुलगी, पण पुढे तिची नटी झाली नाही. तिच्या कमाईवर घर चालणार नव्हतं. बापाचा सिनेमा होता, त्याला कृष्ण हवा होता, मुलगी घरात होती. काम झालं, मुलगी आपल्या आयुष्याला लागली.

मुलगी कृष्ण झाली ही गोष्ट आमच्याकडच्या जुन्या माणसांना गमतीची वाटेल, कारण कोकणातल्या नमन-खेळ्यांत नेमकं उलटं चालत आलं. गवळणी पोरंच व्हायची. खालूबाजा वाजायला लागला की दाढी घोटलेली, नऊवारी कसून नेसलेली, कानात उसनी कुडी घातलेली पोरं पदर सावरत यायची आणि पुढच्या रांगेतल्या बायका ‘हा अमक्याचा ना गं?’ म्हणून तोंडाला पदर लावायच्या. बारीक अंगाचा, उंच आवाजाचा मुलगा हेरून ठेवलेला असे. आवाज फुटला, मिशी दिसायला लागली की त्याची गवळण संपली. मग तो मृदंगाकडे नाहीतर झिलकऱ्यांत. यात कुणाला वाईट वाटत नसे, कारण त्याचं पोट शेतीवर किंवा मुंबईच्या गिरणीवर होतं, गवळणीवर नव्हे.

सिनेमाच्या मुलींना ही चैन नव्हती. प्रभातच्या काळात बालनटी हा वेगळा प्रकारच तयार झाला. गाता येणं ही पहिली अट. ‘कुंकू’मधल्या वासंतीचा गळा लोकांच्या इतका लक्षात राहिला की शांता आपटे यांच्याबरोबर तिचंही नाव घेतलं जाई. १९४४ च्या ‘रामशास्त्री’त छोट्या रामची छोटी बायको झालेली बेबी शकुंतला, म्हणजे पुण्याची शकुंतला महाजन. अनंत मराठेंबरोबरचं तिचं गाणं घराघरांत पोचलं. तिने बालनटीची नायिका होण्याचा अवघड टप्पा ओलांडलाही. हिंदीत ‘परदेस’मध्ये मधुबालेबरोबर उभी राहिली, किशोरकुमारची नायिका झाली. आणि बाविशीच्या आसपास लग्न करून कोल्हापूरच्या नाडगोंडे घराण्यात गेली, सिनेमा संपला. २०१५ साली कोल्हापुरात त्यांचं निधन झालं तेव्हा बातम्यांतही ‘बेबी’ होतंच. ऐंशी ओलांडलेल्या बाईंना. त्यांनी सिनेमा सोडला याबद्दल हळहळणारे पुष्कळ भेटतात. मला ती हळहळ थोडी आगाऊ वाटते. दहाव्या वर्षापासून काम करणाऱ्या मुलीने बाविसाव्या वर्षी पुरे म्हणणं हा कदाचित तिने स्वतः घेतलेला पहिला निर्णय असेल.

या सगळ्या कथेचा मध्यबिंदू मात्र कोल्हापुरात आहे, मास्टर विनायकांच्या प्रफुल्ल पिक्चर्समध्ये. १९४२ च्या एप्रिलात दीनानाथ मंगेशकर गेले. थोरली लता तेव्हा साडेबारा वर्षांची, पाठीवर चार भावंडं. विनायक मंगेशकरांच्या घरोब्यातले. त्यांनी लताला चित्रपटांत कामं दिली. ‘पहिली मंगळागौर’, ‘माझे बाळ’, ‘गजाभाऊ’ आणि कंपनी मुंबईला आल्यावर नूरजहानबरोबर ‘बडी माँ’. तोंडाला रंग लावणं तिला मनापासून आवडत नव्हतं, हे लताबाईंनी नंतर अनेकदा सांगितलं. म्हणजे पुढे ज्यांच्या आवाजावर देश पोसला गेला, त्या लताबाई आधी घर पोसण्यासाठी बालनटी होत्या, तेही नाइलाजाच्या.

आणि मग नियतीने विलक्षण फेरा घेतला. ऑगस्ट १९४७ मध्ये विनायक स्वतःच गेले, चाळिशी नुकतीच ओलांडलेली असताना. आता त्यांचं घर उघड्यावर आलं. ‘मंदिर’ हा त्यांचा चित्रपट अर्धवट राहिला होता, तो दिनकर द. पाटलांनी पुरा केला. त्यात विनायकांची आठ-नऊ वर्षांची मुलगी कामाला होती. ही बेबी नंदा. दुसऱ्याच्या पोरक्या मुलीला आधार देणाऱ्या माणसाची मुलगी पाचच वर्षांत त्याच कारणाने त्याच रांगेत उभी राहिली. शाळा सुटली, शिक्षण घरच्या शिकवणीवर आलं, आणि पुढची काही वर्षं ती मिळेल त्या चित्रपटात कुणाची तरी मुलगी, कुणाची बहीण झाली. मराठीत ‘कुलदैवत’ आणि ‘शेवग्याच्या शेंगा’, दोन्ही १९५५ चे. पुढच्या वर्षी नात्यातल्या व्ही. शांतारामांच्या संस्थेने ‘तूफान और दिया’ काढला आणि नंदाचं नाव हिंदीत झालं.

नंदाच्या कारकिर्दीवर थोडं थांबायला हवं, कारण बालनटीला मोठं होऊ द्यायला प्रेक्षक किती खळखळ करतो ते तिच्याकडे बघून कळतं. १९५९ च्या ‘छोटी बहन’मध्ये ती आंधळी बहीण झाली आणि देशाने तिच्याकडून राखीच बांधून घेतली. वीस वर्षांची मुलगी, पण लोकांना ती धाकटीच हवी होती. ‘आँचल’साठी फिल्मफेअर मिळालं तेही सहायक अभिनेत्रीचं. बहिणीच्या साच्यातून तिला सुटका मिळाली ती १९६५ च्या ‘जब जब फूल खिले’मध्ये, जिथे ती काश्मीरला फिरायला आलेली श्रीमंत, आधुनिक कपड्यांतली मुलगी आहे. शशी कपूरचं तेव्हा हिंदीत नाव नव्हतं, आघाडीच्या नायिका त्याच्यासमोर यायला तयार नव्हत्या. नंदाने त्याच्याबरोबर एकामागून एक चित्रपट घेतले. १९६९ च्या ‘इत्तफाक’मध्ये तर तिने खुनाचं रहस्य पोटात ठेवलेली बाई केली, एकही गाणं नसलेल्या चित्रपटात. बेबी नंदा म्हणून तिला ओळखणाऱ्यांना हे पचायला जड गेलं असणार.

विनायकांच्या कंपनीबाहेर याच काळात इतर घरांतही हेच चाललं होतं, फक्त नावं वेगळी. ललिता पवार मूकपटाच्या काळात पुण्यात लहानपणीच लागल्या, नायिका झाल्या, १९४२ मध्ये एका प्रसंगात भगवानदादांची थप्पड वर्मी बसून चेहऱ्याला अर्धांगवायू झाला, डोळा बारीक झाला, आणि त्याच डोळ्यावर त्यांनी पुढची पन्नास वर्षं खाष्ट सासूचं राज्य केलं. सोलापूरच्या शशिकला जवळकर वडिलांचा धंदा बुडाल्यावर नाचगाण्याच्या जोरावर मुंबईला आल्या. ‘झीनत’मधल्या कव्वालीपासून २००७ च्या पद्मश्रीपर्यंतचा त्यांचा रस्ता बहुतांश खलनायिकांच्या भूमिकांतून गेला. दोघींनाही नायिकापद टिकवता आलं नाही, दोघीही म्हणूनच टिकल्या.

आता दुसऱ्या तऱ्हेचं घर. शोभना समर्थ स्वतः मोठ्या नटी, ‘राम राज्य’मधली सीता. थोरली नूतन लहानपणी वडिलांच्या ‘नल दमयंती’त दिसली होती. १९५० साली शोभनाबाईंनी तिला नायिका करायला ‘हमारी बेटी’ काढला, आणि त्यातच धाकटी तनुजा बेबी तनुजा म्हणून नूतनचं बालरूप झाली. म्हणजे एका चित्रपटात एकीचं बालपण संपलं आणि दुसरीचं कामाला लागलं. पुढच्याच वर्षीच्या ‘नगीना’ला प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र मिळालं आणि वय भरत नाही म्हणून नायिका नूतनलाच दारवानाने थिएटरात सोडलं नाही, असा किस्सा सांगतात. किस्सा म्हणून सगळे हसतात. जो चित्रपट पाहण्याइतकी ती मोठी नव्हती, त्यात काम करण्याइतकी मात्र होती!

या घरात नटीपणाचं शिक्षण होतं, परदेशी शाळा होत्या, आणि मुलीच्या पैशाचा कारभार आईच्या हाती होता. व्यवहारावरून मायलेकींत पुढे अनेक वर्षांचा अबोला झाला, खूप उशिरा तो मिटला. ‘सीमा’, ‘सुजाता’, ‘बंदिनी’, ‘मिलन’, ‘मैं तुलसी तेरे आँगन की’ अशी पाच वेळा सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरलेल्या बाईच्या आयुष्यात ही ठसठस होती, हे बालनटीच्या आईबापांनी जरा लक्षपूर्वक वाचावं.

पद्मिनी कोल्हापुरे या मालिकेतली सर्वांत झपाट्याने मोठी झालेली मुलगी. जन्म १९६५ चा, घर गाण्याचं, वडील पंढरीनाथ कोल्हापुरे बीनकार आणि गायक. १९७८ च्या ‘सत्यम शिवम सुंदरम’मध्ये ती भाजलेल्या चेहऱ्याची छोटी रूपा होती आणि चारच वर्षांनी, त्याच राज कपूरच्या ‘प्रेमरोग’मध्ये विधवा नायिका. सतरा-अठराव्या वर्षी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं फिल्मफेअर. या दोहोंच्या मध्ये १९८० चा ‘इन्साफ का तराजू’ येतो, ज्यात ती बलात्कारी खलनायकाच्या तावडीत सापडलेली धाकटी बहीण आहे. त्या वेळी ती चौदा-पंधरा वर्षांची होती. तिला त्यासाठी पुरस्कार मिळाला आणि तिने काम उत्तमच केलं आहे. पण तो प्रसंग आज पाहताना पात्राबद्दल जितकं वाईट वाटतं, त्याहून जास्त अस्वस्थपणा त्या सेटवर उभ्या असलेल्या मुलीसाठी वाटतो. त्या काळच्या परीक्षणांत तिच्या वयाचा उल्लेख आला तर तो तारिफेसाठी.

‘प्रेमरोग’मध्ये पद्मिनीची आई झाली आहे नंदा. ‘आहिस्ता आहिस्ता’ आणि ‘मजदूर’मध्येही तीच तिची आई आहे. नंदाने मध्ये बरीच वर्षं काम थांबवलं होतं, आणि परतली ती या मुलीची आई होऊन. एकीला बापाच्या मृत्यूने लहानपणी कामाला जुंपलं, दुसरी हसतखेळत आली. ‘प्रेमरोग’मध्ये पांढऱ्या साडीतल्या मुलीकडे पाहणारी नंदा फार थोडं बोलते. तिथे तिच्या चेहऱ्यावर जे दिसतं त्याला निव्वळ अभिनय म्हणायला मी तयार नाही, आणि ते सिद्ध करता येणार नाही हेही ठाऊक आहे.

उर्मिला मातोंडकरची वाट सर्वांत निरोगी दिसते, आणि तिचं कारण साधं आहे. १९८० च्या ‘झाकोळ’पासून, म्हणजे डॉ. श्रीराम लागूंच्या दिग्दर्शनाखाली, सुरुवात. मग श्याम बेनेगलांचा ‘कलयुग’ आणि १९८३ चा शेखर कपूरचा ‘मासूम’. बालनटी म्हणून इतक्या जाणत्या दिग्दर्शकांचे हात लागलेली दुसरी मुलगी मराठीत नसेल. पण ‘मासूम’नंतर ती लागोपाठ पडद्यावर राहिली नाही. शिकली, वाढली. लोक ‘मासूम’मधली पोर थोडी विसरले. मग १९९१ चा ‘नरसिम्हा’ आणि १९९५ चा ‘रंगीला’. ज्या वयात नंदाला लोकांनी बहीण करून टाकलं, त्या वयात उर्मिला बऱ्यापैकी नजरेआड होती. बालपणाची नटी आणि तरुणपणाची नटी यांच्यामध्ये अशी मोकळी जागा मिळणं हे नशीब आहे, आणि ते त्याच घरांना परवडतं जिथे पुढच्या महिन्याचा किराणा मुलीच्या करारावर अवलंबून नसतो.

साहेबाच्या देशातही हीच कथा. एलन टेरी १८५६ साली नऊ वर्षांची असताना लंडनच्या प्रिन्सेस थिएटरात शेक्सपिअरच्या नाटकातला छोटा राजपुत्र झाली. घर फिरत्या नटांचं, आमच्या नाटक कंपन्यांसारखंच. तीही मध्ये काही वर्षं रंगभूमी सोडून गेली, परतली, आणि हेन्री आयर्विंगच्या जोडीने तिथल्या रंगभूमीची महाराणी झाली. एक शतक उलटून हेली मिल्स आली. बाप जॉन मिल्स नामांकित नट, १९५९ च्या ‘टायगर बे’त बापलेक दोघंही, पुढच्याच वर्षी डिस्नेच्या ‘पॉलियाना’साठी बालकलाकाराचं ऑस्कर. तेच दोन रस्ते, कमलाबाईंचा आणि नूतनचा.

पैशाचा प्रश्न अमेरिकेत कोर्टात गेला म्हणून तिथे कायदा झाला. चॅप्लिनच्या ‘द किड’मधला जॅकी कूगन वयात आला तेव्हा आपली कमाई आईने आणि सावत्र बापाने उडवल्याचं त्याला कळलं. १९३९ साली कॅलिफोर्नियाने त्याच्या नावाने ओळखला जाणारा कायदा केला. आजच्या रूपात त्यानुसार मुलाच्या कमाईतला १५ टक्के भाग बाजूला ठेवावा लागतो. आपल्याकडे १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. १४ वर्षांखालच्या मुलांना कामाला लावायला सरसकट बंदी झाली, पण चित्रपट, मालिका, जाहिरातींतल्या बालकलाकारांना वगळलं गेलं, शाळेचं नुकसान होऊ नये या अटीवर. २०१७ च्या नियमांत तपशील आले: दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग ३ तासांहून जास्त नाही, सलग २७ दिवसांहून जास्त नाही. पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस हवा. मुलाच्या इच्छेविरुद्ध काम करून घ्यायचं नाही. कमाईचा निदान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावाने मुदत ठेवीत थेट जमा व्हायला हवा. आणि जिथे चित्रीकरण होणार त्या जिल्ह्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी हवी.

आता हे नियम महाडच्या नकाशावर ठेवून बघा. समजा, रायगडच्या पायथ्याशी किंवा वरंध घाटात कुणी ऐतिहासिक चित्रपटाचं शूटिंग लावलं आणि गावातल्याच दहा पोरांना मावळ्यांची मुलं म्हणून उभं केलं. परवानगीचा अर्ज जाणार अलिबागला, शंभराहून अधिक किलोमीटर. प्रत्येक मुलामागे पासबुक, शिवाय दोन जबाबदार माणसं. पोरांच्या हातात वडापाव आणि आईबापांच्या हातात नोट ठेवून काम उरकण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना हे जाचक वाटेल. वाटू दे. गावकऱ्यांना मात्र हा नियम कुणी समजावून सांगत नाही, ही तक्रार खरी आहे. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर रोजगार हमीची माहिती लागते, ही कधी लागलेली मी पाहिली नाही.

पण माझी खरी शंका नियमांच्या वयोमर्यादेबद्दल आहे. हे सगळं संरक्षण १४ वर्षांपर्यंत. वर सांगितलेल्या मुलींची वयं पुन्हा आठवा. लता साडेबारा ते अठरा, नूतन ‘नगीना’च्या वेळी, पद्मिनी ‘इन्साफ का तराजू’च्या वेळी. बालनटीची नायिका होते ती नेमकी चौदा ते अठराच्या पट्ट्यात, आणि तिथे ५ तासांची अटही नाही, मुदत ठेवीची सक्तीही नाही. गोड पोर म्हणून ती सुरक्षित, बाई म्हणून ती सज्ञान झाल्यावर सुरक्षित. मधली चार वर्षं घरच्यांच्या समजुतीवर सोडलेली.

अकलूजच्या रिंकू राजगुरूने हा पट्टा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ओलांडला. ‘सैराट’चं चित्रीकरण झालं तेव्हा ती चौदाच्या आसपास होती. राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख झाला, एप्रिल २०१६ मध्ये चित्रपट आला आणि तिने रंगवलेल्या आर्चीला पाहायला लोटणाऱ्या गर्दीमुळे तिला शाळेत जाणं अशक्य झालं. १७ नंबरचा फॉर्म भरून तिने दहावी दिली, ६६ टक्के मिळवले, आणि त्या टक्क्यांचीही बातमी झाली. तिचं मोठं होणं चित्रपटसृष्टीपेक्षा तिच्या शिक्षक आईबापांनी सांभाळलं असं मला दिसतं. तिने लागोपाठ चित्रपटांचा रतीब घातला नाही, हे त्याचंच लक्षण.

मालिकांनी यात नवा प्रकार आणला. ‘उंच माझा झोका’मध्ये छोटी रमा तेजश्री वालावलकरने केली आणि ती घराघरांतली झाली. कथा काही वर्षं पुढे सरकली, मोठी रमा स्पृहा जोशी झाली. हे कथेच्या दृष्टीने योग्यच. पण रोज संध्याकाळी लाखो घरांत असणाऱ्या मुलीची नोकरी एका शुक्रवारी संपते आणि सोमवारी तिला पुन्हा वर्गात बाकावर बसायचं असतं. नमनातल्या गवळणीची मिशी फुटायची, इथे लेखकाने ‘लीप’ घेतला की झालं. तरी याची एक चांगली बाजू आहे. कॅमेऱ्यासमोर वर्ष-दीड वर्ष काढून मुलगी पुन्हा शाळकरी होते, आणि बऱ्याच मुलींना ते हवंही असतं.

चित्रपटांकडे पाहिलं तर हल्ली बालकलाकारांचा मान वाढला आहे यात शंका नाही. ‘नाळ २’साठी त्रिशा ठोसर या चिमुकलीला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्याच चित्रपटातल्या श्रीनिवास पोकळे आणि भार्गव जगताप यांच्याबरोबर. साडी नेसून पुरस्कार घ्यायला गेलेल्या तिचे फोटो २०२५ च्या सप्टेंबरात सगळीकडे फिरले. महाड-पोलादपूरच्या घराघरांतही फिरले, आणि मग ती मामाकडे चित्रफीत पाठवण्याची साथ आणखी पसरली.

अंतराचा प्रश्न उरतोच. मराठी सिनेमाची जमीन पूर्वी कोल्हापूर-पुण्यात होती, नंतर मुंबईला गेली. १९५९ साली सुधा करमरकरांनी ‘मधुमंजिरी’ने मुलांची वेगळी रंगभूमी सुरू केली तीही मुंबईत. कोकणातल्या आतल्या तालुक्यातल्या मुलीला तिथवर जायचं तर कुणीतरी घर सोडायचं, आणि ते बहुधा आईने. बाप महाडच्या एमआयडीसीत पाळीवर, भाऊ शाळेत, आजी शेताकडे, आणि आई मुलीला घेऊन नालासोपाऱ्याच्या खोलीत. इतकं घर विस्कटल्यावर मुलीची कमाई ही हौस राहत नाही, ती घराची गरज होते, आणि तिथून पुढे नाही म्हणण्याची मोकळीक सगळ्यांचीच जाते.

गेल्या काही वर्षांत मालिकांची चित्रीकरणं साताऱ्याकडे, वाईकडे सरकली, त्याने थोडा फरक पडू शकतो. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर, तिथून पसरणी उतरून वाई, हे मुंबईच्या निम्म्याहूनही कमी अंतर आहे. पावसाळ्यात दरड आली की तोही रस्ता बंद, पण आठ महिने जाऊन-येऊन काम होऊ शकतं. मुलगी शनिवार-रविवारी सेटवर आणि सोमवारी स्वतःच्या शाळेत, अशी व्यवस्था एखाद्या निर्मात्याने ठरवून केली तर मला ती नालासोपाऱ्याच्या खोलीपेक्षा हजारपट बरी वाटते.

आणि पैशाचं बोलायचं तर घरात विषय निघेल त्या रात्रीच बोलावं. कायदा मुलीच्या नावे २० टक्के ठेवायला सांगतो. उरलेल्या ८० टक्क्यांबद्दल तो काहीच सांगत नाही. त्यातून प्रवास जाईल, खोलीभाडं जाईल, आईच्या बुडालेल्या मजुरीचा हिशेबही धरावा लागेल, ते सगळं रास्त आहे. ते एका वहीत लिहून ठेवावं, आणि मुलगी हिशेब वाचण्याइतकी मोठी झाली की ती वही तिच्या हातात द्यावी.